दोन चाकांवरचा संसार



आपल्या कोणत्याही वस्तीत सकाळी सहाच्या सुमारास उभे राहून पाहावे. नळाला पाणी यायची आणि मोटारसायकली सुरू व्हायची वेळ एकच असते. पहिल्या पाळीचा कामगार, पालिकेचा सफाई कर्मचारी, रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक, घरोघर पार्सल पोहोचवणारी पोरे, इस्पितळात आया किंवा परिचारिका असलेली आपली बहीण, सारे दोन चाकांवर असतात. एकेकाळी घरात सायकल असणे हीच मोठी गोष्ट होती. आता हप्त्याने का होईना, दाराशी मोटारसायकल उभी आहे. तिला कोणी चैन समजू नये. शिंप्याला जशी मशीन, तशी ती आपल्या माणसाची रोजीरोटी आहे. म्हणूनच या आठवड्यात आम्ही तिच्याविषयी आणि ती ज्या रस्त्यावर धावते त्या रस्त्याविषयी लिहायचे ठरवले.

आधी आकडे पाहू. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७ होती, म्हणजे दर शंभरात चव्वेचाळीसहून अधिक. डोक्यावर हेल्मेट नसताना मेलेल्यांची संख्या ५०,०२९ आहे. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जीव गेले, म्हणजे रोज चाळीसहून जास्त घरांत आक्रोश झाला. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या देशात दुचाकीवर फिरतो तो बहुतेक कष्टकरी माणूस आणि अशा घरात कमावणारा बहुधा एकच असतो.

मग दोष कुणाचा? चारचाकीवाल्याला विचारा, तो म्हणेल, हे मोटारसायकलवाले कुठूनही घुसतात, सिग्नल पाळत नाहीत, डावीकडून पुढे काढतात. मोटारसायकलवाल्याला विचारा, तो म्हणेल, गाडीत बसले की यांना रस्ता बापाचा वाटतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरमध्ये एका पोर्शे गाडीने मोटारसायकलला उडवले आणि एक तरुण व एक तरुणी असे दोन अभियंते गेले. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला काही तासांतच जामीन मिळाला आणि अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा अशी अट घातली गेली. ते ऐकून सारा महाराष्ट्र संतापला. पुढे तो जामीन आदेश बदलावा लागला. त्याच वर्षी ७ जुलैच्या पहाटे वरळीत मासळी घेऊन घरी निघालेल्या नवरा-बायकोच्या स्कूटरला बीएमडब्ल्यू गाडीने धडक दिली आणि त्या माऊलीला फरफटत नेले. ती गेली. अशा घटना ऐकल्या की आपले रक्त उसळते. ते उसळायलाच हवे.

आणखी एक पाहा. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकीला बंदी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवरही बंदी. भरधाव गाड्यांमध्ये दुचाकीला धोका आहे, हे कारण खोटे नाही. पण परिणाम असा, की चांगले रस्ते चारचाकीला आणि खड्डे, ट्रक, बस, हातगाडी यांच्या गर्दीतला जुना रस्ता आपल्याला. त्या जुन्या रस्त्यावरचे खड्डे बुजवा, दिवे लावा, दुचाकीसाठी सुरक्षित जागा ठेवा, ही मागणी करण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. नगरसेवक मते मागायला आला की गटाराबरोबर हेही विचारावे.

परंतु केवळ संतापाने आणि मागणीने आपले माणूस संध्याकाळी घरी येत नाही. इथे आम्हाला आपल्याच लोकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

रस्ता ही आपल्या समाजाच्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. १९२४ साली त्रावणकोर संस्थानात वैकोमच्या मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून अस्पृश्यांना चालता यावे एवढ्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्याबरोबर ‘रस्ते’ हा शब्दही आहे. जातीच्या कारणाने कुणालाही सार्वजनिक रस्त्याच्या वापरापासून रोखता येणार नाही, असे ते कलम सांगते. जो रस्ता असा झगडून मिळाला, त्यावर आपण कायद्याने वागावे हे ओघानेच आले. आणि कायदा खरा लागतो तो दुबळ्यालाच. बलवानाचे कायद्यावाचून अडत नाही, त्याच्याकडे लोखंडी पत्रा आहे, हवेची पिशवी आहे, वकील आहे. चौकातला लाल दिवा नसेल तर आधी कोण चिरडला जाईल? मालकाची गाडी आणि नोकराची लुना एकाच रेषेवर थांबवणारी ती एकच गोष्ट चौकात आहे. तो दिवा आपणच मोडू लागलो, तर उद्या गाडीवाल्याने मोडला म्हणून कुठल्या तोंडाने ओरडणार?

बाबासाहेबांच्या आयुष्यातील चाळीसगावचा अपघात पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लहानशा पुस्तकात त्यांनी स्वतः तो सांगितला आहे. साल १९२९. बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनवर उतरले. तिथल्या महार बांधवांना त्यांना वाड्यात न्यायचे होते. पण अस्पृश्य माणसाला बसवून तांगा हाकायला एकही तांगेवाला तयार होईना. पाहुण्याला चालत नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. शेवटी तांगा तेवढा भाड्याने मिळाला आणि हाकायला बसला आपल्यातलाच एक जण, ज्याला तांगा हाकायची सवय नव्हती. थोडे अंतर जाताच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडाला अडले, बाबासाहेब खाली फेकले गेले, घोडा तांग्यासकट नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला, इतरही दुखापती झाल्या.

या प्रसंगातून बाबासाहेबांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, तांगेवाल्याच्या जातीय गर्वाची. तिच्यावर आपण नेहमी बोलतो. दुसरी गोष्ट मात्र आपण भराभर वाचून पुढे जातो. आपल्या लोकांनी प्रेमापोटी पाहुण्याचा मान राखला, पण मानाच्या भरात त्याचा जीव धोक्यात घातला, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे. ती माणसे वाईट नव्हती. त्यांच्याजवळ दुसरा इलाजही नव्हता. आज मात्र आपल्याजवळ इलाज आहे. परवाना काढता येतो, शिकता येते, हेल्मेट मिळते. तरीही दहावी पास झालेल्या पोराच्या हातात आपण मोटारसायकलची किल्ली देतो, कारण शेजारच्याच्या पोराकडे आहे. हा मान आणि तो मान यांत फरक किती आहे?

आई-वडिलांनी हे पक्के लक्षात ठेवावे. गिअरच्या गाडीला १८ वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ज्या पोराला उद्या ड्रायव्हरची किंवा डिलिव्हरीची नोकरी करायची, त्याची भाकरी आपणच आजच्या हौसेपायी काढून घेतो.

आता थोडा हिशेब. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे आणि नोकरीही आकडेमोडीची, म्हणून हिशेबाशिवाय गोष्ट पटत नाही. घरापासून कारखाना बारा किलोमीटर आहे असे धरू. ताशी चाळीसच्या वेगाने अठरा मिनिटे लागतील, साठच्या वेगाने बारा. जमेच्या बाजूला सहा मिनिटे, तीही वाटेत एकही सिग्नल न लागता. खर्चाच्या बाजूला काय? चाळीसच्या वेगात गाडी एका सेकंदाला अकरा मीटर जाते, साठच्या वेगात जवळजवळ सतरा. समोरची गाडी थांबली हे डोळ्याला कळून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे अंतर संपते. आणि आदळलो तर मार दीडपट बसत नाही, सव्वादोन पट बसतो. सहा मिनिटांसाठी हा सौदा कोणता शहाणा वाणी करील?

दुसरा हिशेब कागदपत्रांचा, आणि तो आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे. आमच्या परिचयाच्या एका वस्तीतील पस्तिशीतला कामगार रात्री घरी येत होता. पुढच्या मोटारीने दिवा न दाखवता एकदम डावीकडे वळण घेतले, हा तिच्यावर आदळून पडला. मोटार थांबली नाही, नंबर कुणी पाहिला नाही. हेल्मेट होते, पण कोपरात अडकवलेले. पुढचे काम आम्हा कार्यकर्त्यांच्या वाट्याला आले. पोलीस चौकी, पंचनामा, शवविच्छेदनाचा दाखला, विमा. तेव्हा कळले, गाडी थोरल्या भावाच्या नावावर. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण ते स्वतः मालक चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच लागू होते. हा मालक नव्हता. पळून गेलेल्या गाडीच्या अपघातासाठी सरकारी योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. तेवढ्याचाच अर्ज करता आला. पदरी दोन लेकरे असलेली ती भगिनी आम्हाला एकच विचारत होती, “भाऊ, गाडीचे हप्ते आता कुणी भरायचे?” त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

म्हणून सांगणे असे, की जो चालवतो त्याच्या नावावर गाडी असावी. मालक-चालकाचे अपघात संरक्षण वगळून विमा स्वस्तात घेऊ नये. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा झाला. पाच वर्षे निर्धास्त गेल्यावर सहाव्या वर्षी तो पुन्हा काढायचा असतो, हेच पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. आज घरी जाऊन विम्याच्या कागदावरची तारीख पाहा.

हेल्मेटविषयी आपल्याकडे फार वाद झाले. पुण्यात तर सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले. उकडते, ऐकू येत नाही, केस गळतात, जवळच तर जायचे आहे. ही सारी कारणे आम्ही ऐकली आहेत. उन्हाळ्यात उकडते हे खरेच आहे. पण डांबर डोक्याला विचारत नाही, तू जवळ चालला होतास की लांब. कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट लागते. फुटपाथवरची स्वस्त टोपी घेऊ नका. जून २०२१ पासून आयएसआय खुणेचेच हेल्मेट विकायचे असा नियम आहे. हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे, नाहीतर पडताना माणसाआधी हेल्मेट निघून जाते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे.

आमच्या माता-भगिनींना विशेष विनंती. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसलेल्या बायकोचे डोके उघडे, हे दृश्य रोज दिसते. आपला जीव काय कमी किमतीचा आहे? पदर आणि ओढणी नीट खोचून बसावे, चाकावरची साडीची जाळी काढून टाकू देऊ नये. चार वर्षांखालच्या लेकराला चालकाशी बांधणारा पट्टा आणि नऊ महिन्यांपुढील बाळाला त्याच्या मापाचे हेल्मेट, आणि वेग चाळीसच्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. कायद्याने गाडीवर दोघेच बसायचे. चौघांचा संसार एका गाडीवर घेऊन लग्नाला जाणे ही आपली हौस नसते, भाड्याचे पैसे वाचवायचे असतात, हे आम्ही जाणतो. तरी त्या एका दिवशी बस किंवा लोकल धरावी.

आता चालवणाऱ्या पोरांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. दुभाजकाचा फाटा लांब आहे म्हणून उलट्या दिशेने जाऊ नका. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा गाडीवाला फक्त उजवीकडे पाहतो, कारण रहदारी तिकडूनच येते. तुम्ही डावीकडून आलात तर तो तुम्हाला पाहणारच नाही. ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या अंगाला चाकाजवळ थांबू नका. त्याच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असे समजा. गाडीचे आरसे काढून टाकण्याची जी टूम निघाली आहे ती सोडा. उभ्या मोटारींच्या रांगेपासून एका दाराइतके अंतर ठेवून चला. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांचा पुढचा दिवा दिवसाही जळतो. “दिवा चालू आहे” म्हणून बोटांनी खुणावणारे पुष्कळ भेटतात. तो बिघाड नाही, मोटारवाल्याला तुम्ही लांबून दिसावे यासाठी तो आहे. आणि मोबाईल खिशात. साहेबाचा फोन असो की घरचा, बाजूला थांबून घ्यावा.

समाजात आता चारचाकीही आली आहे. शिक्षण, नोकऱ्या आणि मेहनत यांचे ते फळ आहे, आम्हाला त्याचा आनंद आहे. शिवाय टॅक्सी चालवणारे, साहेबाची गाडी चालवणारे आपले बांधव हजारोंनी आहेत. त्यांना सांगणे एवढेच, की काल आपणही त्या दुचाकीवर होतो. दार उघडण्यापूर्वी मागे पाहा. दाराकडचा हात सोडून दुसऱ्या हाताने दार उघडायची सवय लावली, की शरीर आपोआप वळते आणि मागून येणारा दिसतो. डावीकडे वळताना आधी दिवा, मग आरसा, मग चाक. रात्री समोरून दुचाकी आली तर दिव्याचा झोत खाली करा. पावसात डबक्यातून गाडी उडवत नेऊ नका. मागून हॉर्न वाजवला म्हणून खड्डा चुकवणारा माणूस खड्ड्यात पडावा काय?

तरीही अपघात झालाच तर? प्रथम १०८ ला फोन. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस साक्षीसाठी अडकवतील ही भीती आता सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४अ त्याला संरक्षण देते, नाव सांगण्याची सक्तीही नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरलेल्या इस्पितळांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. दाखल करतानाच तिचे नाव घेऊन विचारावे. गाडीचा नंबर लगेच लिहून घ्यावा, फोटो काढावा, फिर्यादीची प्रत घ्यावी. नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत करावा, असे सुधारलेला कायदा सांगतो. दिवसकार्य, नातेवाईक, दुःख यांत महिने निघून जातात. तेव्हा शेजारच्या शिकलेल्या माणसाने पुढे व्हावे. गाडीवाल्याकडून पाच-दहा हजार घेऊन कोऱ्या कागदावर सही मात्र कुणी करू नये.

शेवटी मंडळांना एक सूचना. १४ एप्रिलला आपली पोरे मोटारसायकलींची रॅली काढतात. निळे झेंडे फडकतात, ऊर भरून येतो. पण एका गाडीवर तिघे, डोके उघडे आणि सायलेन्सरचा आवाज, हे बाबासाहेबांच्या जयंतीला शोभणारे नाही. कायद्याचे राज्य ज्यांनी लिहून दिले त्यांची ही जयंती आहे. दोघांच्या वर कुणी बसणार नाही आणि हेल्मेटशिवाय एकही गाडी रॅलीत येणार नाही, असा नियम एखाद्या मंडळाने करून पाहावा. वर्गणीतला एक भाग डीजेवर न घालता गरजू पोरांच्या हेल्मेटवर घालावा. रविवारी विहारात वंदना झाली की तासभर बसून वस्तीतल्या प्रत्येक गाडीचा विमा, परवाना आणि मालकाचे नाव वहीत लिहून काढावे. ज्याचे कागद अपुरे असतील त्याला त्याच आठवड्यात कचेरीत घेऊन जावे. हे काम भाषणाइतके गाजणार नाही, पण पुढच्या वर्षी वस्तीतली एखादी भगिनी हप्त्यांचा तो प्रश्न विचारण्यापासून वाचेल.

जय भीम!